भिंतीचा प्रकार

फॉर्मात सतरा रकाने.
नवव्यात भिंत: कच्ची की पक्की,
लागू असेल तिथे खूण करा.
मी टेप सोडला. टेप दारातून आत निघाला
आणि बराच वेळ
दारातच राहिला.
पावणेतीन फूट.
एवढ्या भिंतीच्या उंबऱ्यावर माणूस आडवा झाला
तर तो घरात आहे की गल्लीत,
शेजाऱ्यांनाही सांगता येणार नाही.

आत शिरताना कपाळ चौकटीला लागलं.
"तुमच्या आदी दोन तलाठी धडकल्यात,"
मैनोद्दीन मिस्त्री म्हणाले, "सागवान हाय, त्याला काय हुईत न्हाई."
घर त्यांचं नव्हे. घर सोजरबाई वाकुऱ्यांचं,
त्या खुरपायला गेलेल्या, किल्ली यांच्याकडे.
एकेचाळीस वर्षं दर चैत्रात
या माळवदावर मिस्त्री चालतात,
गवत उपटतात, फटी बुजवतात,
टाचेनं ठोकून बघतात, पोकळ बोलतंय का.

बाहेर त्रेचाळीस. आत
घामाला कळेना, पुढं वाहावं की थांबावं.
साण्यातून उन्हाची एक थाळी
जमिनीवर पडलेली, चुलीकडे सरकत होती.
"चुलीला टेकली की जेवायचं.
पाऊस आला की वर परात पालथी घालायची."
देवळीत काजळीचा जुना त्रिकोण,
त्या काजळीत आता मोबाईल चार्जिंगला.
भिंतीच्या पोटात बळद. मी वाकून
तळाच्या भोकात हात घातला,
ज्वारीचे चार दाणे आले आणि एक मुंगळा,
जो माझ्यावर रागावलेला होता.

"लिवा," मिस्त्री म्हणाले, आणि वर बोट केलं.
खाली तळखडा, तळखड्यावर खांब,
खांबावर तुळई, तुळईवर सर, सरावर किलच,
त्यावर तुरकाट्या, त्यावर कडुनिंबाचा पाला,
वाळवीनं तोंड वेंगाडावं म्हणून,
आणि सगळ्याच्या वर हातभर पांढरी.
"ही माती शेतातली न्हाई बरं.
गावात पडल्याल्या घरांची.
ज्याचं घर बसलं, त्येची भिंत
दुसऱ्याच्या डोस्क्यावर."

मी लिहिलं: छत, माती.

दहावा रकाना. खिडक्या, बाहेर उघडणाऱ्या.
मी शून्य टाकला.
मिस्त्रींनी मला ढेळजेतून मधल्या खणात नेलं,
सामायिक भिंतीत एक चौकोन, वीतभर रुंद,
हातभर उंच, पलीकडे इटकरांचं स्वयंपाकघर.
त्यातून निखारे जायचे, विरजण यायचं,
दोन्ही घरांचं भांडण असलं की
मध्ये पितळी तांब्या उभा असायचा.
"भूकंपाच्या पहाटं दार चौकटीत बसलं, हालंना.
सोजरीचं लेकरू अकरा दिवसाचं.
ह्यातून पलीकडं दिलं. आदी डोस्कं."
मग म्हणाले, "खांब हालले न्हाईत. भिंतीचा आतला थर सुटला थोडा."
लेकरू आता लातूरला वीज मंडळात आहे.
त्याचे खांदे आठवून मिस्त्री हसले.

ही बाहेर उघडत नाही.
मी शून्य तसाच ठेवला.

सोजरबाईंनी सकाळीच बजावलं होतं:
"कच्ची लिवा, सायेब. पक्की लिवलाव तर
घरकुल मिळंल का मला? पाठीत किती वर्सं माती वाहू?"
त्यांचंही खरंच. मिस्त्री चैत्रात चालतात,
पण पाट्या कोण चढवतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी कच्चीवर खूण केली.
"काय लिव्हलालाव?" मिस्त्रींनी विचारलं,
चष्मा नव्हता त्यांच्याकडे. मी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं:
"माती कुटं टाकणार?"
त्याला रकाना नव्हता.

भिंतीच्या कोपऱ्यातून त्यांनी एक खपली काढली,
चिमटीत चुरली,
जिभेच्या टोकाला लावली,
जसं कालवणाचं मीठ बघावं.
"खारी हाय अजून," म्हणाले.
"पानी धरंल."